मेंदूचे दोन भाग एकमेकांशी ‘बोलतात’ हे कसे कळते?

इचलकरंजीतील आमच्या परिचयाच्या एका शाळेत पालकसभा संपल्यावर एक गृहस्थ मागे थांबले. यंत्रमागावर दोन पाळ्यांत काम करणारे, हाताला कांडीच्या सुताचे तंतू तसेच चिकटलेले. त्यांनी खिशातून एक रंगीत पत्रक काढून आमच्यापुढे धरले. त्यावर मेंदूचे चित्र, चित्रात लाल-पिवळे ठिपके आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा. खाली मजकूर : मुलांच्या मेंदूतील केंद्रे ‘जोडून’ देऊ, स्मरणशक्ती वाढेल, डोळ्यांवर पट्टी बांधूनही वाचता येईल. फी त्यांच्या महिन्याच्या कमाईच्या जवळपास होती. “सर, हे खरं असतंय काय? पोराला घालावं म्हणतोय,” त्यांनी विचारले.

पट्टीबद्दलचे उत्तर सोपे होते. नाकाशेजारच्या फटीतून खाली पाहिले की कोणालाही वाचता येते. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी हे अनेकदा दाखवून दिले आहे. पण चित्राचे काय? तशी चित्रे खऱ्याखुऱ्या संशोधनातून येतात आणि त्यांतील रेघांना अर्थही असतो. अर्थ चुकीचा होता तो खालच्या मजकुराने लावलेला. मग बरोबर अर्थ कोणता? मेंदूच्या दोन भागांमध्ये रेघ ओढण्याचा अधिकार संशोधकाला कशामुळे मिळतो? त्या दिवशी पालकांना आम्ही दोन वाक्यांत ‘घालू नका’ एवढेच सांगितले. शिक्षकांसाठी मात्र ती रेघ नीट उलगडून पाहण्यासारखी आहे.

रक्त, चहा आणि थोडा उशीर

एमआरआय यंत्र शरीराच्या आतील रचनेची चित्रे देते, हे आता सर्वांना ठाऊक आहे. त्याच यंत्राने मेंदूचे काम चालू असताना घडणारे बदल टिपायचे तंत्र म्हणजे फंक्शनल एमआरआय, थोडक्यात एफएमआरआय. त्याच्या मुळाशी रक्ताचा एक गुणधर्म आहे. प्राणवायू असलेले हिमोग्लोबिन आणि प्राणवायू सोडून दिलेले हिमोग्लोबिन चुंबकाला वेगवेगळा प्रतिसाद देतात, हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ साली दाखवले होते. १९९० साली सेइजी ओगावा यांनी या फरकाचा उपयोग उंदरांच्या मेंदूची चित्रे घेताना केला आणि १९९२ पासून माणसांवरही तो सुरू झाला.

आता आपल्या गावातलेच उदाहरण घेऊ. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला असे सांगतात. आज कुठल्याही गल्लीत खडखडाट ऐकू येतो. समजा, एका गल्लीच्या या टोकाला सायझिंगचा कारखाना आहे, म्हणजे सुताला खळ लावून बीम गुंडाळले जातात ती जागा. त्या टोकाला मागांची शेड आहे. आपल्याला दोन्हीकडे आत जायची परवानगी नाही. मधल्या चहाच्या टपरीवर बसून, कुठे किती ग्लास चहा जातो एवढेच मोजता येते. काम जोरात चालले की थोड्या वेळाने तिकडून चहाची मागणी येते. म्हणजे चहावरून कामाचा अंदाज बांधता येतो. पण तो अंदाजच, आणि तोही उशिरा मिळणारा.

एफएमआरआय नेमके हेच करते. चेतापेशींचे काम त्याला दिसत नाही, दिसतो तो त्या कामामागून येणारा रक्ताचा ओघ. एखाद्या भागातील पेशी कामाला लागल्या की तिकडे रक्त धावते, आणि लागेल त्यापेक्षा जास्तच धावते. टपरीवालाही अंदाजाने दोन ग्लास जास्त पाठवतो, तसेच. त्यामुळे त्या भागात प्राणवायूरहित हिमोग्लोबिनचे प्रमाण उलट कमी होते आणि यंत्रातील संकेत किंचित वाढतो. ही वाढ एखाद-दोन टक्क्यांची असते आणि ती शिखरावर पोहोचायला ५ ते ६ सेकंद लागतात. यंत्र साधारण दर दोन-तीन सेकंदांनी संपूर्ण मेंदूची एक मोजणी घेते. मेंदूचे सुमारे ३ मिलिमीटर बाजूचे छोटे घन कल्पून प्रत्येकाचा आकडा नोंदले जातो. अशा एका घनात लाखो पेशी मावतात. तेव्हा चित्रातला लाल ठिपका म्हणजे तेथे दिवा लागलेला नसतो. अमुक काम करताना त्या घनातील संकेत, दुसऱ्या कामाच्या तुलनेत, संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरेल इतका वाढला, एवढेच तो सांगतो. लाल रंग संगणकाने भरलेला असतो.

(यंत्रात झोपलेल्या माणसाला ऐकू येणारा आवाज १०० डेसिबलच्या आसपास असतो. कानात बोळे घालावे लागतात. मागांच्या शेडमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला त्याचे फारसे नवल वाटणार नाही!)

बरोबर वाढले म्हणजे जोडलेले?

एका ठिपक्याबद्दल हे झाले. रेघेसाठी दोन ठिपके लागतात. सायझिंगकडे आणि शेडकडे जाणारे ग्लास दिवसभर मोजले, आणि एकीकडची संख्या वाढली की दुसरीकडचीही वाढते असे दिसले, तर दोन्ही जागांत काही संबंध आहे असे आपण म्हणू. या बरोबरीने वर-खाली होण्याला सहसंबंध म्हणतात. १९९५ साली भरत बिस्वाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक गंमत आढळली. यंत्रात माणसे काहीही न करता नुसती पडून असतानाही, डाव्या आणि उजव्या हाताच्या हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या मेंदूच्या भागांतील संकेत संथपणे एकत्र वर-खाली होत होते. तोवर ही चढउतार निरुपयोगी गोंगाट समजून टाकून दिली जात असे. अशा सहसंबंधाला कार्यात्मक जोडणी असे म्हणू. जोडणी म्हटले तरी येथे तार किंवा चेतातंतू पाहिलेला नाही, हे विसरायचे नाही.

सहसंबंध फसवा असतो. गल्लीतली वीज गेली तर दोन्हीकडचे काम एकदम थांबते, वीज आली की दोन्हीकडे एकदम सुरू होते. सायझिंग आणि शेड यांचा एकमेकांशी काडीचा व्यवहार नसला तरी चहाचे आकडे हातात हात घालून चालतील! किंवा टपरीवरचा पोऱ्या एकाच फेरीत दोन्हीकडे चहा देऊन येत असेल. मेंदूच्या बाबतीत श्वासोच्छ्वास आणि हृदयाचे ठोके हे त्या पोऱ्याचे काम करतात. सगळीकडचे रक्त ते एकदमच हलवतात. डोके अर्धा मिलिमीटर हलले तरी खोटे सहसंबंध उमटतात. लहान मुले जास्त हलतात, त्यामुळे ‘मुलांच्या मेंदूत अमुक जोडणी वेगळी असते’ अशा निष्कर्षांपैकी काही तर निव्वळ चुळबुळीचे निष्कर्ष असल्याचे २०१२ नंतर लक्षात आले.

आणि वीजही असते. एखादे काम दिले, समजा पडद्यावर अक्षर दाखवले, की डोळ्यांशी संबंधित भाग आणि बोट दाबायचा भाग असे दोन्ही एकदम कामाला लागणार. त्यांचे आकडे बरोबर वाढणारच. ते बोलत आहेत म्हणून नव्हे, दोघांनाही एकाच वेळी काम लागले म्हणून. मग कामामुळे दोघांमधला संबंध बदलला की नाही, हे वेगळे कसे काढायचे?

मोठ्या ऑर्डरचे दिवस

येथे कागद-पेन्सिल घेऊन बसावे. आम्ही घेतलेले आकडे काल्पनिक आहेत, पण हिशेब खरा आहे.

नेहमीच्या पाच दिवसांत सायझिंगकडे अनुक्रमे ४, ६, ८, १०, १२ ग्लास गेले. त्याच दिवशी शेडकडे ११, ८, १२, ८, ११ गेले. मग मोठी ऑर्डर आली. त्या पाच दिवसांत सायझिंगकडे पुन्हा ४, ६, ८, १०, १२ आणि शेडकडे ७, ७, १०, १३, १३.

आधी सरासरी काढा. सायझिंगची दोन्ही वेळा ८. शेडची दोन्ही वेळा १०. नुसत्या सरासरीकडे पाहणारा म्हणेल, ऑर्डर आली तरी कुठेच काही बदलले नाही. आता आलेख काढा. आडव्या अक्षावर सायझिंग, उभ्या अक्षावर शेड; नेहमीच्या दिवसांचे बिंदू निळ्या पेन्सिलीने, ऑर्डरच्या दिवसांचे लाल. निळ्या बिंदूंमधून जाणारी सर्वांत जवळची रेषा सपाट येते, तिचा चढ शून्य. लाल बिंदूंची रेषा वर चढते : सायझिंगकडे १ ग्लास वाढला की शेडकडे सरासरीने ०.९ ग्लास वाढतो. दहाही बिंदू एकत्र करून एकच रेषा काढली तर चढ ०.४५ येतो, म्हणजे कोणत्याच दिवसांचे खरे वर्णन होत नाही. वर्गात हे करून घेताना प्रथम सगळे बिंदू एकाच रंगात काढायला सांगावे, रंग नंतर द्यावेत. मुलांना फरक चटकन दिसतो.

असे का झाले असेल? नेहमीच्या दिवसांत शेडमध्ये भरलेले बीम शिल्लक पडलेले असतात. सायझिंग आज मंद चालले की जोरात, शेडला फिकीर नसते. ऑर्डर आल्यावर साठा संपतो, आलेले बीम लगेच मागावर चढते, आणि सायझिंगची प्रत्येक चढउतार शेडमध्ये उमटू लागते. दोन्ही जागांचे काम तेवढेच राहिले. बदलले ते त्यांच्यातले नाते.

दोन रेषांच्या चढांमधील हा फरक हाच सगळ्या पद्धतीचा गाभा आहे. बीजगणिताची आवड असलेल्या विद्यार्थ्यांसाठी तो असा लिहिता येतो :

श = क + ख × स + ग × प + घ × (स × प)

येथे श म्हणजे शेडचे ग्लास, स म्हणजे सायझिंगचे ग्लास वजा त्यांची सरासरी ८, आणि प म्हणजे परिस्थिती : नेहमीचे दिवस असतील तर ०, ऑर्डरचे असतील तर १. आपल्या आकड्यांना हे समीकरण बसवले की क = १०, ख = ०, ग = ० आणि घ = ०.९ येते. ख म्हणजे नेहमीचा संबंध. ग म्हणजे ऑर्डरमुळे शेडच्या सरासरीत पडलेली भर. दोघांनाही एकदमच काम लागले असते तर ती येथे दिसली असती आणि येथेच बाजूला काढली गेली असती. घ हा त्या दोन्हींखेरीज उरलेला, म्हणजे परिस्थितीमुळे संबंधातच झालेला बदल. त्याला आंतरक्रियेचे पद म्हणतात.

कार्ल फ्रिस्टन आणि त्यांच्या लंडनमधील सहकाऱ्यांनी १९९७ साली ही कल्पना मेंदूच्या चित्रांना लावली. ज्या प्रयोगावर ती तपासली गेली तो फार साधा आहे. पडद्यावर ठिपके सरकताना दिसतात. एकदा माणसाने ते नुसते पाहायचे, एकदा त्यांच्या वेगात फरक पडतो का याकडे लक्ष ठेवायचे. डोळ्यांसमोरचे दृश्य दोन्ही वेळा सारखेच. तरीही लक्ष देताना, दृष्टीच्या पहिल्या टप्प्यांवरील भाग आणि गती ओळखणारा भाग यांच्यातील चढ वाढलेला आढळला. ‘लक्ष द्या रे’ म्हणून आपण वर्गात दिवसातून पन्नासदा ओरडतो. लक्ष देण्याने मेंदूत काय बदलते याचे एक उत्तर असे की, आलेल्या माहितीचा पुढच्या टप्प्यावरील परिणाम वाढतो.

प्रत्यक्षात एक अडचण उरते. आपण गुणाकार चहाच्या आकड्यांचा केला, पण ऑर्डरचा परिणाम होतो कामावर. चहा तर उशिरा येतो. म्हणून आधी चहाच्या आलेखावरून मागे जाऊन कामाचा अंदाज काढायचा, गुणाकार तेथे करायचा आणि मग उत्तर पुन्हा चहाच्या भाषेत आणायचे, अशी सुधारणा २००३ साली सुचवली गेली. दिशेचा प्रश्न मात्र या समीकरणाने सुटत नाही. बीम सायझिंगकडून शेडकडे जातात हे आपल्याला गावात राहून माहीत आहे. आकड्यांना ते माहीत नाही. शेडच्या मागणीमुळे सायझिंग पळत असेल, किंवा दोघांनाही पळवणारा व्यापारी तिसरीकडेच बसलेला असेल.

शिवाय मेंदूत असे घन हजारोंनी असतात. इतक्या जोड्या तपासल्या की काही निव्वळ योगायोगाने ‘जुळतात’. २००९ साली क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एक मेलेला सामन मासा यंत्रात ठेवून त्याला माणसांची छायाचित्रे ‘दाखवली’. ढिसाळ हिशेबात माशाच्या मेंदूतही सक्रिय ठिपके उमटले! योग्य दुरुस्ती केल्यावर ते नाहीसे झाले. पत्रकावरची चित्रे पाहताना हा मासा आठवावा.

लखनौची पाटी

एवढा खटाटोप करून शिक्षकाच्या उपयोगाचे काही हाती लागते का? देवनागरीशी थेट संबंध असलेले एक काम येथे सांगण्यासारखे आहे.

२०१० साली स्टॅनिस्लास डीहान आणि सहकाऱ्यांनी पोर्तुगाल व ब्राझीलमधील ६३ साक्षर, उशिरा साक्षर झालेल्या आणि निरक्षर प्रौढांची तपासणी केली. साक्षरांमध्ये बोललेले ऐकतानाच ध्वनींशी संबंधित भागाचा प्रतिसाद अधिक जोरकस असतो, असे त्यांना आढळले. वाचायला शिकल्यावर आपण ऐकतोही वेगळे, असा त्याचा अर्थ लावला गेला. पण ती माणसे रोमन लिपी शिकलेली होती. तिच्यात ध्वनीचे तुकडे सुटे लिहिले जातात. आपल्या बाराखडीत ‘कि’ हे एकच अक्षर. स्वर व्यंजनाच्या अंगाखांद्यावर बसलेला. मग आपल्याकडेही तसेच घडते का?

फाल्क ह्यूटिग, रमेश मिश्रा, उत्तम कुमार, अ‍ॅलेक्सिस हर्वे-एडलमन इत्यादींच्या गटाने लखनौजवळच्या खेड्यांतील हिंदी भाषकांबरोबर हे तपासले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात वेगवेगळ्या प्रमाणात साक्षर असलेल्या ९१ जणांचा समावेश होता. त्यांपैकी २२ जण पूर्ण निरक्षर होते आणि त्यांना सहा महिने देवनागरी वाचायला-लिहायला शिकवले गेले. शिकण्यापूर्वी आणि नंतर त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली.

निष्कर्ष दोन. बोललेले ऐकताना मेंदूच्या प्रतिसादाची पातळी साक्षरतेमुळे बदलल्याचा पुरावा मिळाला नाही. निरक्षर-साक्षर तुलनेतही नाही आणि शिकण्यापूर्वी-शिकल्यानंतर या तुलनेतही नाही. पण बोलीतील ध्वनी हाताळणारा भाग आणि हाताने अक्षर लिहिण्याशी संबंधित भाग यांच्यातील कार्यात्मक जोडणी देवनागरीच्या साक्षरतेबरोबर वाढलेली आढळली. आपल्या गल्लीतही असेच झाले होते : सरासरी हलली नाही, नाते हलले. दोन्ही हिशेब तंतोतंत एक नाहीत. तेथे मोठ्या ऑर्डरच्या जागी साक्षरता आहे आणि काम बदलण्याऐवजी माणूसच बदललेला आहे. तरीही नुसते ठिपके मोजून हा प्रयोग थांबला असता तर ‘काही फरक नाही’ एवढेच हाती राहिले असते, हे खरे.

याच प्रकल्पातून २०१७ साली आलेल्या दुसऱ्या एका निबंधात, नवसाक्षर प्रौढ नुसते पडून असताना त्यांच्या दृष्टिकेंद्राची थॅलॅमस आणि मध्यमेंदू यांच्यातील भागांशी असलेली जोडणी वाढल्याची नोंद आहे. मध्यमेंदू म्हणजेच पत्रकवाल्यांचा तो ‘मिडब्रेन’! येथे कोणाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली नव्हती; हातात पाटी दिली होती आणि समोर एक शिक्षक होता.

मात्र हेही निष्कर्ष गटाच्या सरासरीचे आहेत. २२ माणसे म्हणजे मोठी संख्या नव्हे. एका मुलाचे चित्र काढून त्याची जोडणी कमी आहे की जास्त आणि म्हणून तो वाचनात मागे पडेल की पुढे जाईल, हे सांगण्याइतके हे तंत्र आज भरवशाचे नाही. तसे सांगून कोणी पैसे मागत असेल तर त्या पालकांना दिलेलेच उत्तर द्यावे लागेल.

ध्वनीचा भाग लिहिणाऱ्या हाताच्या भागाशी जोडला जातो हे वाचून, अक्षर उच्चारत उच्चारत गिरवून घेण्याच्या जुन्या पद्धतीला पुरावा मिळाला असे आपल्यापैकी अनेकांना वाटेल. आम्हालाही पहिल्या वाचनात तसे वाटले. पण लखनौच्या प्रयोगात वाचन आणि लेखन एकत्रच शिकवले होते, त्यामुळे जोडणी कशाने वाढली हे त्यातून सुटे करता येत नाही. त्यासाठी दोन गट लागतील. एकाने अक्षरे फक्त वाचायला शिकायची, दुसऱ्याने वाचता वाचता लिहायलाही. बाकी सगळे सारखे ठेवायचे, आणि सहा महिन्यांनी दोन्ही गटांच्या चढांमधला फरक पाहायचा.